‘घरचंच आहे, डॉक्टर’ : व्हेपचं घरगुती मिश्रण आणि आपली फुप्फुसं

आपल्याकडे ‘घरचं’ या शब्दाला फार मान आहे. घरचं लोणचं, घरचं तूप, घरी कांडलेला मसाला. बाहेरच्या वस्तूत काय घातलंय कोण जाणे, घरच्या वस्तूत मात्र आपण काय घातलं ते आपल्याला माहीत असतं, असा हा साधा हिशोब. मी स्वतःही रुग्णांना वर्षानुवर्षं सांगत आलो आहे, ‘बाहेरचं खाऊ नका, घरचं खा.’

म्हणूनच गेल्या वर्षी एक चौतीस वर्षांचा मुलगा मला म्हणाला, ‘काका, मी विकतचं काहीच वापरत नाही, सगळं घरीच बनवतो,’ तेव्हा क्षणभर मला उत्तर सुचलं नाही. तो बोलत होता व्हेपबद्दल, म्हणजे इलेक्ट्रॉनिक सिगारेटबद्दल.

त्याची गोष्ट आज तुम्हाला सांगतो. त्याची आणि त्याच्या आईची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. या गोष्टीत एक चूक त्याची आहे आणि एक माझी. माझीही तितकीच मोठी आहे, म्हणून तीच आधी सांगतो.

तीन भेटी आणि एक न विचारलेला प्रश्न

हा मुलगा शाळेत असल्यापासून माझा पेशंट. संगणक क्षेत्रात नोकरी, कंपनीने चार वर्षं इंग्लंडला पाठवलं होतं. परत आल्यावर कोल्हापुरातल्या घरूनच काम करू लागला. जून महिन्यात खोकला घेऊन माझ्याकडे आला. कोरडा खोकला, अंगात कसर, जिना चढताना थोडा दम.

मी नेहमीचे प्रश्न विचारले. दमा? नाही. घरात कुणाला टीबी? नाही. सिगारेट? ‘सोडली काका, दोन वर्षं झाली. एकही ओढलेली नाही.’ मला आनंद झाला. मी त्याची पाठ थोपटली आणि केसपेपरवर लिहिलं, ‘धूम्रपान : नाही’. पावसाळ्याची सुरुवात होती, दवाखान्यात निम्मे पेशंट खोकल्याचेच होते. औषधं दिली.

आठ दिवसांनी तो परत आला. खोकला तसाच, ताप थोडा वाढलेला. छातीचा एक्स-रे काढला, तर दोन्ही बाजूंना खाली पांढुरके डाग. न्यूमोनिया समजून प्रतिजैविकं सुरू केली. थुंकी टीबीसाठी तपासली, दोनदा. दोन्ही वेळा काही सापडलं नाही. तिसऱ्या भेटीत बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरवर आकडा ९१ दिसला. चौतीस वर्षांच्या धडधाकट माणसात हा आकडा बसत नव्हता. त्याच दिवशी त्याला छातीच्या तज्ज्ञांकडे पाठवलं.

या तीन भेटींत चोवीस दिवस गेले. या चोवीस दिवसांत मी एकदाही विचारलं नाही, ‘सिगारेट सोडलीस, मग आता त्याऐवजी काय घेतोस?’

तो खोटं बोलला नव्हता. मी विचारलेल्या प्रश्नाचं त्याने खरं उत्तर दिलं होतं. प्रश्नच अपुरा होता.

स्वयंपाकघरातला डबा

उत्तर आणलं त्याच्या आईने. सीटी स्कॅन झाला त्या संध्याकाळी त्या दवाखान्यात आल्या आणि टेबलावर एक प्लास्टिकचा डबा ठेवला. ‘डॉक्टर, हा रात्री जेवणं झाली की स्वयंपाकघरात बसून कसले कसले थेंब मोजतो. मी विचारलं तर म्हणतो, आई, औषधच आहे सिगारेट सुटायचं. तुम्ही एकदा बघा.’

डबा उघडला आणि मी थक्क झालो. आत सुई नसलेल्या सिरिंजा, सोनाराकडे असतो तसा छोटा वजनकाटा, हातमोजे, छोट्या छोट्या बाटल्या आणि प्रत्येक बाटलीवर नीट अक्षरात तारीख आणि प्रमाण लिहिलेलं. बारीक तारेची रिळं, पांढरा कापूस, चिमटे, रोध मोजायचं यंत्र. माझ्या दवाखान्यातलं कपाट इतकं नीटनेटकं नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण असले उद्योग बेफिकीर पोरं करतात असा आपला समज असतो. हा मुलगा बेफिकीर नव्हता. उलट, अतिशय काळजीपूर्वक वागणारा होता.

हा छंद तो इंग्लंडमध्ये शिकला. तिथे व्हेप विकणं कायदेशीर आहे आणि त्याचे सुटे भाग, कच्चा माल उघडपणे मिळतो. स्वतः तार गुंडाळून कॉइल बनवायची, स्वतः द्रव मिसळायचा, असं करणारे तिथे आणि अमेरिकेत पुष्कळ आहेत. स्वस्त पडतं, हवा तो स्वाद मिळतो आणि आपण काय घेतोय ते आपल्याला ठाऊक आहे असं वाटतं. थोडक्यात, ‘घरचं’.

व्हेपमध्ये असतं काय?

ज्यांना हे प्रकरण नवं आहे, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. आजच्या स्वरूपातली ई-सिगारेट २००३ मध्ये चीनमधल्या हॉन लिक या औषधनिर्मात्याने तयार केली. तिच्यात तंबाखू जळत नाही. एक बॅटरी असते, एक तारेचं वेटोळं म्हणजे कॉइल असते, कॉइलमध्ये कापसाची वात असते आणि ती वात एका द्रवात भिजलेली असते. बटण दाबलं की तार तापते, द्रवाचा धूसर फवारा होतो आणि माणूस तो ओढतो. देवघरातल्या समईसारखीच रचना, फक्त ज्योतीच्या जागी तापलेली तार.

द्रवात मुख्य चार गोष्टी असतात : प्रॉपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, निकोटीन आणि स्वाद. घरी बनवणारे या चारही गोष्टी वेगवेगळ्या आणून मिसळतात. एकेक गोष्ट घेऊन बघू, म्हणजे ‘घरचं’ या शब्दाचा इथे काय अर्थ उरतो ते लक्षात येईल.

स्वाद : पोटाला चालतो, म्हणून फुप्फुसाला चालेल?

माझ्या पेशंटचा घात झाला तो इथे. इंग्लंडहून आणलेले स्वाद संपले. मग त्याने केकचं सामान मिळतं त्या दुकानातून बटरस्कॉच आणि आंब्याचा स्वाद आणला. बाटलीवर ‘खाद्य दर्जा’ असं लिहिलेलं होतं. तेलकट स्वाद वापरायचा नसतो, हे त्याला माहीत होतं. त्याने मिश्रण उजेडात धरून पाहिलं, वर तेलाचा तवंग नव्हता. म्हणून निश्चिंत झाला.

पण त्या बाटलीवर ‘इमल्शन’ असाही शब्द होता. इमल्शन म्हणजे तेलाचे अतिसूक्ष्म थेंब डिंकासारख्या पदार्थाच्या मदतीने पाण्यात विखुरलेले. दूध जसं दिसायला एकजीव असतं पण त्यात स्निग्धांश असतोच, तसंच हे. तवंग दिसत नाही, तेल मात्र असतं. तीन महिने तो हे तेल रोज शे-दीडशे वेळा छातीत घेत होता.

तज्ज्ञांनी दुर्बिणीने फुप्फुसातलं पाणी काढून तपासलं. फुप्फुसात साफसफाई करणाऱ्या पेशी असतात, त्या स्निग्ध पदार्थाने टच्च भरलेल्या होत्या. निदान झालं : लिपॉइड न्यूमोनिया, म्हणजे तेलामुळे झालेला न्यूमोनिया. यात जंतू नसतातच, मग माझी प्रतिजैविकं काय करणार?

त्याच्या आईला हे समजावताना मी एक जुनी गोष्ट सांगितली. पूर्वी आपल्याकडे बाळाला अंघोळ घातली की नाकात तेलाचे थेंब सोडायची पद्धत होती, अजूनही काही घरांत आहे. त्यातलं तेल बाळाच्या फुप्फुसात उतरतं आणि अशी बाळं वारंवार न्यूमोनियाने आजारी पडतात. बालरोगतज्ज्ञ ही पद्धत बंद करा म्हणून कितीतरी वर्षं सांगत आहेत. माउली क्षणभर गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, ‘म्हणजे हा स्वतःच स्वतःच्या नाकात तेल घालत होता.’ मला यापेक्षा सोपं सांगता आलं नसतं.

तेल खाल्लं तर पोटात आम्ल आहे, पाचकरस आहेत, पुढे यकृत आहे. पचवायला आणि गाळायला अख्खी यंत्रणा आहे. फुप्फुसाचं काम निराळं. तिथे कोट्यवधी वायुकोश आहेत. ते सगळे उलगडून पसरले तर त्यांचा पसारा मोठ्या दिवाणखान्यापेक्षा जास्त भरेल, आणि हवा व रक्त यांमधला पडदा एका मायक्रॉनपेक्षाही पातळ. तिथे पचन नाही, यकृत नाही. जे आत जाईल ते एक तर तिथेच साठतं, नाही तर थेट रक्तात जातं. ‘खाद्य दर्जा’ हा शिक्का फक्त खाण्यापुरता असतो. श्वासाबद्दल तो काहीच सांगत नाही.

ही चूक शिकले-सवरलेलेही करतात, आणि मोठ्या प्रमाणावर झालेली आहे. २०१९ मध्ये अमेरिकेत व्हेप ओढणारी तरुण मुलं अचानक धाप लागून रुग्णालयात येऊ लागली. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ जणांना दाखल करावं लागल्याची किंवा मृत्यू झाल्याची नोंद झाली, त्यांपैकी मृत्यू ६८. बहुतेकांनी गांजातला अमली घटक असलेला द्रव अनधिकृत मार्गाने मिळवलेला होता. तो घट्ट दिसावा म्हणून त्यात ई जीवनसत्त्वाचं तेल, म्हणजे व्हिटॅमिन ई अ‍ॅसिटेट, मिसळलेलं होतं. ५१ रुग्णांच्या फुप्फुसातलं पाणी तपासलं, तेव्हा ४८ जणांत ते सापडलं. निरोगी लोकांत सापडलं नाही. हेच जीवनसत्त्व आपण गोळीतून घेतो, चेहऱ्याच्या क्रीममधून लावतो. तिथे ते चालतं.

दुसरं उदाहरण लोण्याच्या वासाचं. २००० साली अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात मायक्रोवेव्ह पॉपकॉर्नच्या एका कारखान्यातल्या आठ माजी कामगारांना फुप्फुसाचा एक दुर्मिळ आजार असल्याचं लक्षात आलं. बारीक श्वासनलिका आतून व्रण होऊन बुजून जातात आणि त्या पुन्हा उघडत नाहीत. कारण निघालं पॉपकॉर्नला लोण्याचा वास देणारं डायअ‍ॅसिटिल. खाणाऱ्याला काही झालं नाही, वाफ हुंगणाऱ्या कामगारांना झालं. हार्वर्डच्या संशोधकांनी २०१५ मध्ये ई-सिगारेटचे ५१ स्वाद तपासले, त्यांपैकी ३९ मध्ये डायअ‍ॅसिटिल मिळालं. प्रमाण कारखान्यापेक्षा पुष्कळ कमी असू शकतं आणि व्हेप ओढणाऱ्या प्रत्येकाला हा आजार होईल असं मी म्हणणार नाही. पण केकच्या दुकानातून आणलेल्या लोणी, कस्टर्ड, बटरस्कॉचच्या बाटलीत ते आहे की नाही, हे घरच्या वजनकाट्यावर कळत नाही, एवढं मात्र नक्की.

ग्लिसरीन : बाटलीवरच्या नावावर विश्वास ठेवावा का?

‘पण ग्लिसरीन तर मेडिकलमधून आणलंय,’ असं तो म्हणाला होता. ग्लिसरीन म्हटलं की माझ्या पिढीच्या डॉक्टरांना १९८६ आठवतं. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात त्या वर्षी ग्लिसरीन दिल्यानंतर १४ रुग्ण दगावले. त्यात डायएथिलीन ग्लायकॉल या विषारी औद्योगिक द्रवाची भेसळ होती. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने त्याची चौकशी केली. मी वैद्यकीय महाविद्यालयात गेलो तेव्हा औषधशास्त्राचे आमचे सर ही घटना सांगताना पहिल्या बाकावरून शेवटच्या बाकापर्यंत सगळ्यांकडे एकदा बघून घेत.

दोन्ही द्रव दिसायला सारखे, दोन्ही गोडसर, दोन्ही घट्ट. प्रॉपिलीन ग्लायकॉलमध्येही हीच भेसळ होऊ शकते. २००९ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ई-सिगारेटची काही काडतुसं तपासली, तेव्हा एकात सुमारे एक टक्का डायएथिलीन ग्लायकॉल निघालं. जी भेसळ प्रयोगशाळेशिवाय कळत नाही, ती स्वयंपाकघरात कशी कळणार? घरी आपण मिसळतो, तपासत नाही.

निकोटीन : एक चमचा किती?

आता त्या डब्यातल्या सर्वांत छोट्या बाटलीबद्दल. तिच्यावर लिहिलं होतं, १०० मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर. युरोपात आणि ब्रिटनमध्ये ग्राहकाला विकायच्या निकोटीन द्रवाची मर्यादा २० मिलिग्रॅम आहे. ही बाटली त्याने ओळखीतून कुठून तरी मिळवली होती.

हिशोब करून बघा. एक सिगारेट ओढल्यावर शरीरात साधारण एक ते दोन मिलिग्रॅम निकोटीन जातं. या बाटलीतला एक छोटा चमचा, म्हणजे पाच मिलिलिटर, म्हणजे ५०० मिलिग्रॅम निकोटीन. मोठ्या माणसाचाही जीव धोक्यात येईल एवढं. लहान मुलाला तर त्याचा अगदी छोटा अंशही पुरतो. डिसेंबर २०१४ मध्ये न्यूयॉर्क राज्यात एक वर्षाचं मूल निकोटीनचा द्रव पोटात गेल्याने दगावलं. त्यानंतर २०१६ मध्ये अमेरिकेत अशा बाटल्यांना मुलांना न उघडणारी झाकणं सक्तीची करणारा कायदा झाला.

मी त्याला विचारलं, ‘ही बाटली ठेवतोस कुठे?’ म्हणाला, ‘फ्रिजच्या दारात. थंड राहिली की टिकते.’ आई पटकन म्हणाली, ‘तिथेच तर आंब्याचं सिरप असतं!’ त्याच्या बहिणीची तीन वर्षांची मुलगी दर रविवारी आजीकडे येते आणि फ्रिज उघडणं हा तिचा आवडता खेळ. त्या क्षणी त्या मुलाचा चेहरा जसा उतरला, तसा सीटी स्कॅनचा अहवाल ऐकतानाही उतरला नव्हता.

निकोटीन कातडीतूनही आत जातं. आमच्या भागात ही गोष्ट नवी नाही. निपाणी इथून जवळच. तंबाखूच्या ओल्या पानांत हात घालून काम केल्यावर मळमळ, उलटी, चक्कर येते, हे शेतात राबणाऱ्या बायकांना पुस्तक न वाचता माहीत असतं. तेच निकोटीन शुद्ध आणि दाट स्वरूपात बोटावर सांडलं तर काय होईल, याचा विचार करा.

घरात असा प्रसंग आलाच तर हे लक्षात ठेवा :

- कातडीवर सांडलं तर कपडे काढा आणि भरपूर साध्या पाण्याने बराच वेळ धुवा.
- पोटात गेलं तर उलटी करवू नका, दूध-ताक पाजत वेळ घालवू नका. १०८ ला फोन करा किंवा थेट मोठ्या रुग्णालयात जा आणि बाटली बरोबर न्या.
- लाळ गळणं, घाम, उलटी, चेहरा पांढरा पडणं, धडधड ही सुरुवातीची लक्षणं. पुढे अंग ढिलं पडतं आणि श्वास मंदावतो. ‘बघू थोडा वेळ’ असं म्हणू नका.

कॉइल : तार, धातू आणि बॅटरी

घरी कॉइल बनवणारे लोखंड-क्रोमियम-अ‍ॅल्युमिनियमच्या किंवा निकेल-क्रोमियमच्या तारेची वेटोळी करतात. ही तार दिवसात शेकडो वेळा तापते आणि गार होते. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये ५६ वापरणाऱ्यांची यंत्रं तपासली. बाटलीतल्या द्रवात धातू अगदी थोडे होते. तोच द्रव कॉइलला लागून फवारा झाला की त्यात शिसं, क्रोमियम, निकेल, मँगनीज यांचं प्रमाण वाढलेलं दिसलं. हे धातू तारेकडून आणि तिच्या आजूबाजूच्या भागांकडून येतात. म्हणजे द्रव कितीही शुद्ध असला, तरी तो ज्या ‘भांड्यात’ तापतो तेही मोजावं लागतं.

वात कोरडी पडली किंवा तार फार तापली, तर ग्लिसरीन आणि ग्लायकॉल करपतात. त्यातून फॉर्मल्डिहाइड, अ‍ॅक्रोलीन असे वायू तयार होतात. कढईत तेल जळल्यावर डोळ्यांत आणि घशात झोंबतं, ते अ‍ॅक्रोलीन. घरच्या कॉइलमध्ये वेटोळी एकसारखी बसली नाहीत, तर एखादी जागा जास्त तापते आणि तिथे हे करपणं जास्त होतं.

राहिली बॅटरी. शाळेतला ओहमचा नियम आठवा. पूर्ण चार्ज झालेला लिथियमचा सेल ४.२ व्होल्टचा असतो. कॉइलचा रोध १ ओहम असेल, तर सुमारे ४ अँपिअर प्रवाह वाहतो. मोठा धूर निघावा म्हणून रोध ०.२ ओहमवर आणला, तर तोच प्रवाह २१ अँपिअर होतो. अनेक सेल एवढ्यासाठी बनवलेलेच नसतात आणि काही यंत्रांत प्रवाह तोडणारं संरक्षक सर्किटही नसतं. सेल तापतो, फुगतो, फुटतो. २०१८ मध्ये फ्लोरिडात एक आणि २०१९ मध्ये टेक्सासमध्ये एक तरुण व्हेपचा स्फोट होऊन मरण पावला. खिशात किल्ल्या किंवा नाण्यांबरोबर सुटा सेल ठेवल्यामुळे मांडी भाजल्याची उदाहरणं तर बरीच आहेत. अशा भाजण्यात आगीबरोबर रसायनाचीही इजा असते, म्हणून वरवर छोटी दिसणारी जखमही डॉक्टरांना दाखवा.

‘पण इंग्लंडमध्ये तर डॉक्टरच सांगतात ना?’

हा प्रश्न त्याने मला विचारलाच आणि तो रास्त आहे. जळणाऱ्या सिगारेटमधला डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड व्हेपमध्ये नसतो, हे खरं आहे. इंग्लंडमध्ये सिगारेट सोडण्यासाठी नियंत्रित, नोंदणी झालेल्या व्हेपचा सल्ला देतात, हेही खरं. २०१९ मध्ये तिथला ८८६ लोकांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. वर्षानंतर व्हेप वापरणाऱ्यांपैकी १८ टक्के सिगारेटमुक्त होते, निकोटीनचे च्युइंगम, पट्ट्या वगैरे वापरणाऱ्यांपैकी ९.९ टक्के. पण पुढचा आकडा सहसा कुणी सांगत नाही. सिगारेट सुटलेल्या त्या लोकांत व्हेपच्या गटातले ८० टक्के वर्षानंतरही व्हेप ओढतच होते, दुसऱ्या गटात फक्त ९ टक्के निकोटीनची उत्पादनं वापरत होते.

आणि तिथला सल्ला तपासलेल्या मालापुरता आहे. केकच्या दुकानातला स्वाद आणि ओळखीतून आलेली निकोटीनची बाटली त्यात बसत नाही.

आपल्या देशात परिस्थिती वेगळी आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये अध्यादेश आणि डिसेंबरमध्ये कायदा होऊन ई-सिगारेटची निर्मिती, आयात, विक्री, वाहतूक, साठा आणि जाहिरात यांवर बंदी आली. निकोटीन असो वा नसो, बंदी दोन्हीवर. ‘निर्मिती’त सुटे भाग बनवणं आणि जोडणंही येतं. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. ‘मी कुठे विकतो, मी तर माझ्यापुरतं बनवतो’ म्हणणाऱ्यांनी हे एकदा वकिलाला विचारून घ्यावं. बंदीचा दुसरा परिणाम असा, की जो माल मिळतो तो चोरवाटेने आलेला असतो. त्यात काय आहे, हे सांगायला कुणीही बांधील नाही.

मग सुटणार कसं?

मी निवासी डॉक्टर असताना रात्रपाळीच्या नावाखाली तीन वर्षं सिगारेट ओढली आहे. सोडताना पहिले पंधरा दिवस बायकोवर आणि पेशंटवर किती चिडलो, ते मला आठवतं. त्यामुळे ‘मनात आणलं की सुटतं’ असं मी कुणाला सांगत नाही. निकोटीनची ओढ मेंदूत असते आणि तिला उपचार आहेत.

- २ मिलिग्रॅमचा निकोटीन च्युइंगम औषधाच्या दुकानात मिळतो. तो कसा चावायचा, किती दिवस घ्यायचा हे डॉक्टरांकडून समजून घ्या. तो सतत चघळायचा नसतो, थोडा चावून गालात धरायचा असतो.
- निकोटीनच्या पट्ट्या आणि बुप्रोपिऑन, व्हरेनिक्लिन यांसारखी औषधं आहेत. ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्या. फिट्स, हृदयविकार, मानसिक आजार असेल तर आधी सांगा.
- राष्ट्रीय तंबाखूमुक्ती मदतवाहिनी १८००-११-२३५६ वर समुपदेशन मोफत मिळतं.
- व्हेप सोडताना पुन्हा सिगारेट, मिश्री किंवा मावा सुरू करू नका. काही जण तसं करतात आणि मूळ जागी परत येतात.

तो मुलगा आता कसा आहे?

व्हेप त्याच दिवशी बंद केला. तज्ज्ञांनी काही आठवडे स्टेरॉइड दिलं. हळूहळू ऑक्सिजन सुधारला, सहा महिन्यांनी एक्स-रे जवळजवळ स्वच्छ झाला. श्वासाची तपासणी मात्र त्याच्या वयाला हवी तितकी आलेली नाही. रंकाळ्याभोवती चालतो, पण जोतिबाच्या पायऱ्या चढताना दोनदा थांबावं लागतं. पुढे भरून येईल अशी आशा आहे, हमी मी देऊ शकत नाही, आणि हे मी त्याला स्पष्ट सांगितलं आहे.

चोवीस दिवसांबद्दल मी त्याची माफी मागितली. म्हणाला, ‘तुम्ही विचारलं असतंत तर सांगितलं असतं, काका. मला वाटलं, यात सांगण्यासारखं काय आहे? ते तर सिगारेट सोडण्यासाठी होतं.’

तेव्हापासून माझ्या केसपेपरवर एक ओळ वाढली आहे : ‘तोंडाने किंवा नाकाने आणखी काही ओढता का? व्हेप, हुक्का, कसलीही वाफ?’ सत्तरीच्या आजींनाही मी विचारतो. त्या हसतात, मी लिहून घेतो.

तुम्हालाही माझी हीच विनंती आहे. खोकला बरा होत नसेल, दम लागत असेल आणि तुम्ही किंवा घरातलं कुणी व्हेप ओढत असेल, तर डॉक्टरांनी विचारण्याची वाट पाहू नका. घरी काय बनवता, कशापासून बनवता, बाटल्या कुठल्या, सगळं सांगा. जमलं तर डबाच घेऊन या. आम्ही पोलीस नाही. तुम्ही सांगितलेलं आमच्याजवळ राहतं आणि त्यावरून कधी कधी तीन आठवडे वाचतात.

आणि हा लेख वाचून झाला की एकदा फ्रिजचं दार उघडून बघा. घरात तरुण मुलगा-मुलगी असेल आणि सिरपच्या शेजारी एखादी छोटी अनोळखी बाटली दिसली, तर आरडाओरडा करू नका. ती आधी लहान मुलांच्या हाताला लागणार नाही अशा जागी, कुलपात ठेवा. मग शांतपणे विचारा, ‘हे काय आहे रे?’

काळजी घ्या.